फाटकातला खोका

तिसरा खोकाही गेला. तिवस्याच्या शाळेतून, बसमध्ये पाऊण तास उभ्यानं, रुख्मिणी अमरावतीला घरी आली तेव्हा तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. ‘पार्सल पोहोचलं’ असा मेसेज दुपारी एकलाच आला होता. फाटकाच्या आत फरशीवर मात्र काहीच नव्हतं.

खोक्यात सोनंनाणं नव्हतं, सासऱ्यांचे डायपर होते. उत्तमराव दोन वर्षांपासून लकव्यानं खाटेवर पडून होते. सकाळची बाई त्यांचं सगळं आवरून बारा वाजता निघून जाई. नवरा किशोर अकोल्याला एमआयडीसीत कामाला, घरी यायचा तो रविवारपुरता. पार्सलवाला बंडू बेल वाजवायचा, पण उठून येणार कोण? मग तो खोका फाटकाच्या आत सरकवून पुढच्या घराकडे पळायचा.

उपाय करून थकली होती ती. बंडूला म्हटलं, फोन कर. तर फोन यायचा नेमका वर्ग चालू असताना. वेल्डिंगवाल्याकडून कुलपाची लोखंडी पेटी करून घेतली, तर खोका पेटीच्या तोंडात जाईना. शेजारच्या गोदाबाईंनाही सांगून ठेवलं होतं, “काकू, जरा लक्ष ठेवजा.”

“हो व माय, घरीच तं असतो मी,” त्या म्हणाल्या होत्या.

त्या संध्याकाळी रुख्मिणीनं जुनं धोतर फाडून त्याच्या घड्या केल्या आणि पुढचे चार दिवस शाळेतून आल्यावर ती त्या धूत बसली. साबणानं बोटांची सालं निघाली. रविवारी किशोर आला, तिचे हात पाहून म्हणाला, “कॅमेरा लावून टाकू. कोन नेते ते तरी समजन.” आणि दारावर त्यानं कॅमेरा बसवला.

पुढचं पार्सल गुरुवारी आलं. मधल्या सुट्टीत रुख्मिणीनं मोबाइल उघडला. बंडू खोका ठेवून गेला होता. थोड्या वेळानं फाटक हळूच उघडलं आणि डोक्यावर पदर घेतलेल्या गोदाबाई आत आल्या. रस्त्यावर इकडेतिकडे पाहून त्यांनी खोका पोटाशी धरला आणि निघून गेल्या.

रुख्मिणीनं ते तीनदा पाहिलं. मग घंटा झाली आणि तिनं चौथीच्या पोरांना भागाकार शिकवला.

संध्याकाळी ती थेट गोदाबाईंच्या दारात गेली. वाटेत बसमध्ये बरंच काही ठरवलं होतं, पण राग आणायलाही जोर लागतो, आणि तो तिच्यात नव्हता. गोदाबाईंनी दार जेमतेम वीतभर उघडलं. त्या फटीतून फिनाइलचा वास आला, आणि फिनाइलखाली दडलेला दुसरा. हा वास तिला ओळखीचा होता. तिच्याच घरात तो दोन वर्षं मुक्कामाला होता.

“काका?” तिनं हळूच विचारलं.

गोदाबाईंनी मान खाली घातली. “पाच महिने झाले. ह्यायले समजतच नाही कवा झालं ते.”

“मंग मले सांगाचं ना, काकू.”

“कसं सांगू व माय? हेडमास्तर होते ते. मेडिकलवर बसते तो बी ह्यायचाच विद्यार्थी. मले म्हनाले, बाहेर समजलं तं मी अन्न सोडतो. पयल्या खेपेले म्हटलं, एक पाकीट काढून खोका वापस ठेवू. पन खोका फाटला, अन् फाटका खोका कोन्या तोंडानं ठेवू?”

आतून काकांचा, रामरावांचा, खणखणीत आवाज आला, “कोन आहे?”

“दूधवाला आहे,” गोदाबाई म्हणाल्या आणि रुख्मिणीकडे पाहत राहिल्या.

गोदाबाईंनी आतून खोका आणून तिच्या हातात दिला. तिनं तिथंच उभ्यानं तो उघडला, अर्धी पाकिटं काढून उंबऱ्याच्या आत ठेवली आणि म्हणाली, “पुढच्या वेळेपासून दोन मागवतो. बंडूच्या हातून तुमीच घेत जा, मी त्याले सांगून ठेवतो.”

तेव्हापासून पार्सल चोरीला गेलं नाही. सकाळी रुख्मिणीनं ‘आज पार्सल आहे’ म्हटलं की गोदाबाई बाराच्या पुढे ओसरीत खुर्ची टाकून बसतात, एक खोका आत ठेवतात आणि दुसरा रुख्मिणी आली की कुंपणावरून देतात. पण पूर्वी ती दिसली की “ये व माय, च्या घे” म्हणायच्या, ते मात्र बंद झालं. खोका देताना त्या तिच्या तोंडाकडे पाहत नाहीत.

“चोर सापडला का?” एका रविवारी किशोरनं विचारलं.

“नाही,” रुख्मिणी म्हणाली. “पन आता जात नाही.” आणि बसल्या जागीच, भिंतीला डोकं टेकून, ती झोपून गेली.