कूड कोणी घातलं?

राजाभाऊंचा फोन आला तेव्हा आईला जाऊन महिनाही झाला नव्हता.

"उर्वी, बेटा, विचारू की नको असं झालंय," ते म्हणाले. राजाभाऊ आमच्या मंडळाचे अध्यक्ष. दुबईत त्यांचा लोणची-पापडांचा धंदा आहे आणि मंडळही ते तितक्याच मनापासून चालवतात. "आठ मार्चला कमलिनीताईंचं व्याख्यान ठरलं होतं. महिला दिन. हॉल बुक आहे, सर्क्युलर गेलंय. कॅन्सल करू, की तू वाचशील?"

मी वाचते म्हणाले.

"ग्रेट. पण एक रिक्वेस्ट. ताई मला म्हणाल्या होत्या, तिकडे बायकांनी काटक्यांची कुंपणं घालून वाळू अडवली, गावं वाचवली. ते क्लायमॅक्सला घे. महिला दिनाला एकदम परफेक्ट!"

"आई असं म्हणाली?"

"असंच काहीतरी."

आई असं म्हणाली नसणार. तिला तसं वाटत होतं, हे मला माहीत होतं. पण वाटणं आणि म्हणणं यांच्यामध्ये तिच्याकडे एक दार होतं आणि ते पुराव्याशिवाय उघडत नसे.

शारजात राहून बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्याचा इतिहास लिहिणारी आई असणं म्हणजे काय, हे मी लहानपणापासून लोकांना समजावत आले आहे. ती पुण्याची. इतिहासात एम. ए. केलं, हौसेने जर्मन शिकली, आणि लग्न होऊन बाबांबरोबर इथे आली. जर्मनचा शारजात उपयोग काय, असं सगळे विचारत. तो उपयोग १९९३ साली रोल्याच्या बाजारातल्या हारुनच्या दुकानात झाला.

सोव्हिएत संघ नुकताच फुटला होता आणि तिकडच्या बायका चार्टर विमानांनी शारजाला येऊन टेपरेकॉर्डर, कपडे, पंखे, मिळेल ते गाठोड्यांत बांधून नेत. आम्ही त्यांना सरसकट 'रशियन' म्हणायचो. अशीच एक उंच बाई हारुनशी भाव करता करता वैतागून जर्मनमध्ये पुटपुटली, "हा माणूस चोर आहे."

आई मागे इस्त्री बघत उभी होती. ती जर्मनमध्येच म्हणाली, "चोर नाही हो. नुसता आशावादी आहे."

बाई गर्रकन वळली.

"दीदी, मॅडम क्या बोल रही है?" हारुनने विचारलं.

"बोल रही है, दुकान बहुत अच्छी है."

"अच्छा? तो खलास, दस परसेंट कम!"

ती बिरुते. लिथुआनियातल्या क्लाइपेदा शहरात शाळेत भूगोल शिकवायची. पगारात भागेनासं झालं तेव्हा गाठोडी उचलायला लागली. त्या दिवशी ती आमच्या घरी चहाला आली. आईने खिडकीच्या चौकटीतली वाळू पुसली आणि उगाच ओशाळून म्हणाली, "रोज झाडते, रोज येते."

"आमच्याकडे वाळूने गावं गिळलीत," बिरुते म्हणाली.

"कुठली गावं? कधी?"

तिथून सुरुवात झाली. बिरुतेच्या शहराजवळ समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये वाळूची लांबच लांब चिंचोळी पट्टी आहे. तिला कुर्शी म्हणतात. पूर्वी ती जर्मन राज्यात होती. एके काळी तिच्यावर दाट जंगल होतं. सतराव्या-अठराव्या शतकांत ते तुटत गेलं, काही गरजेपोटी, काही सैन्यांपायी. मुळं गेली आणि वाळू सुटली. वाळूच्या टेकड्या चालू लागल्या. घरं, चर्च, दफनभूमी, सगळं हळूहळू खाली गेलं. लोकांनी गाव हलवलं, तर वाळू नव्या गावाच्या मागे आली. पुढे एकोणिसाव्या शतकात टेकड्यांवर काटक्यांच्या कुडांचे चौकोन घालून, त्यांत पाइनची रोपं लावून ती थांबवली गेली. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तिथले लोकच गेले. वाळू थांबलेल्या त्या गावांत दुसरेच लोक येऊन राहिले.

बिरुते वर्षातून चार-पाचदा यायची. येताना तिच्या रिकाम्या पिशव्यांत जुन्या जर्मन ग्रंथांच्या झेरॉक्स असायच्या, जाताना त्याच पिशव्यांत मिक्सर. तिचं विमान लांबलं की ती आमच्या हॉलमध्ये झोपायची. आमसुलाचं सार तिला फार आवडायचं, कपातून प्यायची. आई तिच्यासाठी बाजारात हिंदीतून भांडायची आणि ती आईसाठी क्लाइपेदातल्या ग्रंथपालाशी. बाबा हमरियातल्या कंपनीतून दमून घरी येत आणि दोघींना जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसलेल्या पाहून म्हणत, "अहो इतिहासाचार्य, अठरावं शतक जरा सरकवा. मला पानं घ्यायचीत."

"गिळलेल्या गावाचा नकाशा आहे हो तो."

"मग गिळायचंच तर वरणभात आधी."

आईचा सगळा निबंध हळूहळू पुरा झाला. अडलं ते एका वाक्यावर. ही कुडं कोणी घातली? योजना कोणी मांडली, देखरेख कोणी केली, त्यांची नावं तिला मिळाली होती. पण काटक्या वाहून, वाऱ्यात गुडघे टेकून कूड घालणारे हात कोणाचे? आईचं माहेर मूळचं कोकणातलं. कूड घालणं हे तिने बायकांच्या हातांनी होताना पाहिलं होतं. पुरुष मासेमारीला गेल्यावर तिथेही बायकाच असणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं. "पण मन म्हणजे पुरावा नव्हे," ती म्हणायची.

मागच्या नोव्हेंबरात बिरुते आली तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. धंदा आटल्यामुळे बिरुतेचं येणंही कमी झालं होतं. ती खास आईला भेटायलाच आली असावी, कारण तिच्याकडे एकच पिशवी होती.

ती पलंगाच्या कडेवर बसली. "कमलिनी, मिळालं. बायकाच होत्या. लिहिलेलं आहे."

आईचे डोळे उघडले. "कशात?"

"एका जुन्या अहवालात."

"पान कुठलं?"

बिरुतेने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच मदत करू शकत नव्हते. "पान... विसरले."

"बिरुते," आई सावकाश म्हणाली, "परीक्षेत असं उत्तर लिहिणाऱ्याला तू किती मार्क दिले असतेस?"

"शून्य," बिरुते म्हणाली आणि रडायला लागली. आईने तिचा हात धरला. आईला हसू येत होतं, पण हसलं की दुखायचं.

"माझ्यासाठी आजवर कोणी खोटं पान शोधून आणलं नव्हतं," ती म्हणाली. "ते मी ठेवून घेते. निबंधात घालणार नाही. आता खरं सांग. तू स्वतः काय पाहिलंस?"

मग बिरुतेने सांगितलं. तिची आई ओना युद्धानंतर त्या पट्टीवर आली. मिळालेल्या रिकाम्या घरात आधीच्या लोकांचे कप कपाटात तसेच होते. वसंत आला की वनखात्याची माणसं गावातल्या बायकांना किनाऱ्यावरच्या वाळूच्या बांधावर न्यायची, कारण कुडं दरवर्षी मोडतात आणि दरवर्षी घालावी लागतात. ओनाच्या हातांवर उन्हाळाभर ओरखडे असायचे. छोटी बिरुते नव्या कुडाच्या आडोशाला बसून पाव खायची. तिथे वारा लागत नसे.

"साल?" आईने विचारलं. "किनाऱ्याचा कुठला भाग? बरोबर आणखी कोण होतं?"

आवाज जवळजवळ गेला होता, पण प्रश्न तसेच होते. बिरुते डोळे पुसत एकेक उत्तर देत होती. मी उशा सरळ केल्या, आणि आईने स्वतःच्या हाताने निबंधात तेवढी भर घातली. जानेवारीत ती गेली.

२००२ सालच्या आठ मार्चला शुक्रवारची सुट्टी होती, हॉल भरला होता. नंतर कळलं की सर्क्युलरमध्ये व्याख्यानाचं नाव 'बाल्टिकची सफर' असं छापलं गेलं होतं. बरेच लोक सुट्टीतल्या टूरची माहिती मिळेल म्हणून आले होते. बाबा शेवटच्या रांगेत बसले. राजाभाऊ पहिल्या रांगेत.

मी वाचायला लागले. जंगल, वाळू, हललेली गावं. लोक ऐकत होते. चालणाऱ्या टेकड्या इथल्या माणसाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. कुडांचा भाग आला तेव्हा राजाभाऊंनी हाताने खूण केली, आता घे. समोर इस्त्रीच्या साड्यांतल्या कितीतरी बायका बसल्या होत्या. 'बायकांनी गावं वाचवली' एवढंच म्हटलं असतं तर टाळ्यांनी हॉल दणाणला असता. आईच्या नावाने दणाणला असता. बहुधा ते खरंही असेल. तिथे कोणी मला पान विचारणार नव्हतं. विचारणारी एकच होती.

मी आईचं वाक्य जसंच्या तसं वाचलं. "ही कुडं कोणी घातली, हे मला मिळालेल्या कागदांत नाही. मला वाटतं ते मी इथे लिहीत नाही. पुढच्या काळाबद्दल मात्र एक साक्ष माझ्याकडे आहे." आणि मग ओनाचं नाव, साल, ओरखडे, आडोशाला बसून पाव खाणारी मुलगी.

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. आधी कोणीतरी नाक पुसल्याचा आवाज आला. आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या शोभनाकाकूंनी हात वर केला. "ती पाव खाणारी मुलगी आता कुठे असते गं?"

"क्लाइपेदाला. शारजाला आली की आमच्याकडे उतरायची."

"म्हणजे ती तुमच्या लिफ्टमध्ये गाठोडी घेऊन असायची, ती रशियन?"

"लिथुआनियन," बाबा मागून मोठ्याने म्हणाले. त्यांनी ते इतकं ठासून म्हटलं की लोक हसले, आणि टाळ्या तेव्हा पडल्या.

बाहेर समोशांच्या टेबलापाशी एका गृहस्थांनी विचारलं, "पर पर्सन साधारण किती पडतं? पाच हजार दिरहम धरले तर पासष्ट हजार रुपये झाले, बरोबर?" मी त्यांना ट्रॅव्हल एजंटकडे जायला सांगितलं. मग राजाभाऊ आले. ते रागावले असतील असं मला वाटलं होतं.

"क्लायमॅक्स घालवलास," ते म्हणाले. समोसा हातात तसाच होता. "माझी आई राजापूरला कुडं घालायची. करवंदीचे काटे. हात असे सोललेले असायचे. कुणी कधी विचारलं नाही बघ तिला." मग म्हणाले, "तुझ्याकडे लिहून ठेवतेस का? साल मला माहीत आहे."

मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बिरुतेला फोन लावला. तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं, सफरीचं सर्क्युलरसुद्धा. ती हसली. मग विचारलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले, त्याचा तिला राग नव्हता ना?"

"नाही. ती म्हणायची, एवढी मोठी भेट कुणी दिली नव्हती."

माझी आई मला अशी पूर्ण मिळाली, भांडणारी, हसणारी, नकाशावर वाकलेली, ती या बाईमुळे. ते तिला सांगावं असं मला वाटत होतं, पण त्यासाठी लागणारं जर्मन माझ्याकडे नव्हतं. मी फक्त धन्यवाद म्हणाले, आणि मग पुन्हा एकदा म्हणाले.

"आणि तिने खरंच माझ्या आईचं नाव लिहिलंय?" बिरुतेने विचारलं.

"लिहिलंय. ओना. तिच्या स्वतःच्या अक्षरात."

"पान कुठलं?"

निबंध समोरच होता. मी पान उघडलं आणि तिला आकडा सांगितला.