नॉर्मल माणूस

"हात ढिला सोडा, रामाजी. ताणू नका," नंदिनी मॅडम म्हणाल्या.

"ढिलाच आहे, मॅडम."

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मनगटावर शॉक बसला.

रामाजी थूल मेडिकल कॉलेजच्या फिजिऑलॉजी विभागात अटेंडंट होता. नवी बॅच आली की स्टुलावर बसायचा तोच. दंडाला बीपीचा पट्टा, छातीला ईसीजीच्या तारा, बर्फाच्या पाण्यात हात बुडवून नाडी मोजणं, पकडीचं यंत्र दाबणं, सव्वीस वर्षं सगळं त्याच्याच अंगावर झालं होतं. "नॉर्मल कसं असतं ते आधी रामाजीवर बघा," असं जुने सर म्हणत. आपल्या गावी, केळझरला, पारावर तो सांगे, "अर्ध्या जिल्ह्याचे डॉक्टर माह्या हातावर शिकले."

शॉक बसला की त्याचा अंगठा टुणकन उडे आणि पडद्यावर उंच लाट उठे. आज अंगठा जरासा थरथरला. लाट जेमतेम रेघ सोडून वर आली.

"तार निघाली असेल," मॅडम म्हणाल्या.

"नाई निघाली. मीच लावली."

रामाजीने पडद्याकडे पाहिलं. त्या लाटेचं इंग्रजी नाव त्याला येत नव्हतं, पण तिची उंची त्याला पाठ होती. दिवाळीपासून त्याच्या शर्टाची बटणं त्याची बायको भागीरथा लावून देत होती. "वात असन," ती म्हणे, आणि रात्री तेल चोळी.

मॅडमनी त्याचा तळवा उजेडात धरला. अंगठ्याखालचं मांस बसलं होतं. दंडाच्या कातडीखाली काहीतरी सारखं फडफडत होतं. त्यांनी त्याला जीभ बाहेर काढायला लावली. जीभही फडफडत होती. मॅडमचा चेहरा एकदम खुलला.

"सगळे इकडे या. हे पुस्तकातच बघायला मिळतं, समोर नाही."

वीस-बावीस मुलं स्टुलाभोवती जमली. प्रत्येकाने एकेकदा बटण दाबलं. एकाला नीट दिसलं नाही, त्याने तीनदा दाबलं. मनगट लाल झालं. उजवा हात झाल्यावर रामाजीने आपणहून डावा पुढे केला.

"दोनी बाजू पाहा लागते न?"

मुलं कौतुकाने हसली. तोही हसला.

सेलूची सुरभी पुढे उभी होती. तिने विचारलं, "मॅडम, प्रोग्नोसिस?"

"टू टू थ्री इयर्स. शेवटी रेस्पिरेटरी फेल्युअर."

मुलांनी लिहून घेतलं.

रामाजीला इंग्रजी येत नव्हतं. पण रेस्पिरेटरीचं प्रॅक्टिकल दर बुधवारी असे, आणि फुंकायचं यंत्र पुसून ठेवायचं काम त्याचंच होतं. आकडे आणि इयर्स त्याला कळत होतं. फेलही कळत होतं.

"मले काय झालं, मॅडम?"

"नसांचा थोडा त्रास वाटतोय. नागपूरला दाखवून घ्या."

"दोन-तीन वर्सं म्हनलं न तुमी?"

सुरभीने वही मिटली. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

"ते मोठे डॉक्टर सांगतील. आपल्याला आधी प्रोजेक्टचं बघावं लागेल. पन्नाशीपुढच्या निरोगी माणसांच्या यादीत तुमचं नाव आहे, ते आता काढते. तुमच्या वयाचं दुसरं कुणी आहे का?"

"गेटवरचा हिरालाल आहे."

"बोलवा त्याला."

रामाजी दोन जिने उतरला आणि हिरालालला घेऊन परत आला. वर येताना कठडा धरून तो दोनदा थांबला. हिरालाल शॉकला भीत होता.

"काही होत नाई बे," रामाजीने त्याला स्टुलावर बसवलं. "मुंगी चावल्यावानी वाटते."

बटण दाबलं तसा हिरालालचा अंगठा उडाला. पडद्यावर लाट सरळ वर गेली.

"अरे, हा त अपने आप नाचून राह्यला!" हिरालाल खदखदून हसला.

"परफेक्ट," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी टेबलावर एक फॉर्म ठेवला. "रामाजी, तुमची केस मी छापायला देणार आहे. हातांचे फोटोही लागतील. इथे सही करा."

त्याने पेन घेतलं. ते बोटांतून निसटलं. हिरालालने उचलून दिलं, पुन्हा निसटलं. मग त्याने पेन मुठीत धरलं, डाव्या हाताने मनगट आवळलं आणि 'रा' काढला. त्याचा काना चौकटीबाहेर गेला.

"राहू द्या. अंगठा चालेल," मॅडमनी शाईची डबी उघडली.

"मले लिहता येते, मॅडम. सातवी पास आहो मी."

"माहीत आहे हो. पण मुलांची जेवायची वेळ झाली."

रामाजीचा बाप निरक्षर होता. मरताना त्याने पोराला एवढंच बजावलं होतं, "उपाशी राह्यजो, पन कोन्या कागदावर अंगठा नको लावजो." रामाजीने आजवर कुठेच लावला नव्हता. बँकेत नाही, सोसायटीत नाही, पोरीच्या लग्नाच्या कर्जालाही नाही.

"दोन मिनिटं द्या," तो म्हणाला आणि 'मा'ची उभी रेघ ओढू लागला.

मॅडमनी त्याच्या मुठीतून पेन हळूच काढून घेतलं. त्याचा अंगठा धरला, शाईत टेकवला आणि कागदावर दाबला. त्या अंगठ्यात विरोध करण्याइतकाही जोर उरला नव्हता.

ठसा स्वच्छ उठला.