चार टाक्यांचा उशीर

आगारातली सगळी माणसं त्याला भोंगा म्हणायची आणि तोही त्या नावाला बिनदिक्कत ओ द्यायचा. बस आगाराच्या चौकशी खिडकीवर एकोणीस वर्षं काढलेला माणूस. काचेच्या गोल भोकातून त्याचा आवाज असा बाहेर पडायचा की पाचव्या फलाटावर डुलक्या घेणाराही दचकून आपलं तिकीट चाचपायचा. देवाने दिलेलं ते देणं, आणि देवानेच एके दिवशी परत मागितलं. घशात गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले, जीव हवा असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. तेवढ्यात या गड्याने एक काम केलं. बायकोच्या शिवणाच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांच्या मधोमध तो बसला, कारण तिथे बाहेरचा आवाज येत नाही, आणि फोनमध्ये आपल्याच आवाजात वाक्यं भरत सुटला. "ती गाडी आता सुटतेय, पळा." "सुट्टे नसतील तर शेजारच्या खिडकीवर विचारा." "काकू, तुमची पिशवी इथेच राहिली." पुरी अकराशे चाळीस वाक्यं. फोनवर दोन अक्षरं टाइप केली की वाक्य समोर यावं, त्यावर बोट ठेवलं की ते ऐकू यावं, अशी सोय त्याने करून घेतली. बायको पलीकडे मशीन बंद ठेवून, श्वाससुद्धा जपून घेत बसायची.

गाठ गेली, जीव राहिला, त्याबद्दल देवाचे आभार किती मानावेत! पण कामावर परतायची वेळ आली तेव्हा आगाराच्या वरिष्ठ बाईंनी स्पष्ट सांगितलं, "सोमवारी सकाळी दोन तास बसून दाखवा. रांग तुंबली नाही तर खिडकी तुमची. तुंबली तर खालच्या मजल्यावर जुन्या कागदांच्या खोलीत जागा आहे. पगार तोच."

पगार तोच, हे त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं होतं. पण त्या रात्री तो जेवला नाही. माणसांशिवाय हा माणूस म्हणजे पाण्याबाहेरचा मासा, हे बायकोला सांगायला कोणी यायची गरज नव्हती.

आता अडचण ऐका. जुना फोन एक वाक्य काढायला चांगला वेळ घ्यायचा. बायकोने तो मोजला होता, आणि तोही तिच्या पद्धतीने. आयुष्यभर पायमशीन चालवलेली बाई ती, तिचं घड्याळ तिच्या पावलात. तळपाय एकदा दाबला की एक टाका. जुन्या फोनवर बोट ठेवल्यापासून आवाज येईपर्यंत सात टाके पडायचे. सात टाक्यांत खिडकीसमोरचा माणूस दोनदा "अहो!" म्हणतो आणि तिसऱ्यांदा तोंड फिरवून निघून जातो. घरातही तेच व्हायला लागलं होतं. तिने विचारावं, "चहा टाकू?" आणि त्याचं "टाक, पण साखर जरा हात राखून" येईस्तोवर चहा उकळून गाळूनही झालेला असायचा.

म्हणून शनिवारी दोघं फोन घ्यायला निघाली. सोबत नणंदही आली. बोलावलं नव्हतं, पण ती नेहमी तशीच यायची.

दुकानातला विक्रेता गोड बोलणारा होता. त्याने आधी कॅमेऱ्याचं गुणगान केलं, मग पडद्याचं.

"वहिनी, हा घे, फोटो बघ किती गोरा येतो!" नणंद म्हणाली.

"वन्सं, तुमच्या भावाला फोटो काढायचे नाहीयेत, बोलायचंय."

"मग रॅम जास्तवाला घ्या," विक्रेता म्हणाला. "आठ जीबी. धावतो नुसता."

भोंग्याने काही न बोलता, म्हणजे काही न टाइप करता, बायकोकडे बघितलं. तिला गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांचं बोलणं आठवत होतं. काकांनी आदल्या दिवशी समजावलं होतं, "पोरी, तुमच्या कामाला फोनचा मेंदू कितीही तल्लख असून भागणार नाही. वाक्यं पडलीयेत कुठे? स्टोरेजमध्ये. तिथून बाहेर काढायलाच वेळ लागत असेल तर मेंदू काय करणार, टाळ्या वाजवणार? मधल्या किमतीच्या फोनांत हीच गोम असते. वरून सगळे सारखे, आत एकाचं स्टोरेज चपळ, दुसऱ्याचं गोगलगाय." तिला ते चटकन पटलं होतं. कात्रीला कितीही धार असो, कपाटाचं दार अडकत असेल तर गिऱ्हाईक खोळंबतंच.

तिने विक्रेत्याला सांगितलं, "डेमोचा फोन द्या. आमची सगळी वाक्यं त्यात भरून बघायची आहेत."

"सगळी?"

"अकराशे चाळीस."

विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचा गोडवा थोडा आटला, पण त्याने भरू दिली. तीन फोन झाले. पहिल्यात पाच टाके. दुसऱ्यात चार. तिसरा, काउंटरला दोरीने बांधलेला निळा फोन, त्यावर बोट ठेवलं आणि तिचा पाय एकदाच खाली गेला, तोच भोंग्याचा आवाज दुकानभर घुमला, "फलाट क्रमांक तीन, आणि धक्काबुक्की नको!"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुकानातली दोन माणसं खरोखर बाजूला सरकली.

"हाच द्या," ती म्हणाली.

विक्रेत्याने आतून खोकं आणलं. तेच नाव, तोच निळा रंग. "यात एकशे अठ्ठावीस जीबी आहे, डेमोत दोनशे छप्पन्न. पण तुमच्या एवढ्याशा वाक्यांना काय करायचीय जास्त जागा? फोन तोच, ताई. अगदी तोच."

तिलाही ते शहाणपणाचं वाटलं. वाक्यं कितीशी जागा खाणार? नणंदेनेही मान डोलावली, आणि नणंद कशाला तरी मान डोलावते तेव्हा खरं तर तिने सावध व्हायला हवं होतं.

रविवारी दुपारी भोंग्याने वाक्यं नव्या फोनमध्ये भरली. बायको समोर बसली, पाय तयार ठेवून. त्याने बोट ठेवलं.

एक. दोन. तीन. चार.

"बसा, गाडीला अजून वेळ आहे."

त्याने पुन्हा बोट ठेवलं. चार. फोन बंद करून चालू केला. चार. तिला वाटलं आपला पायच घाईत पडतोय, म्हणून तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजलं. घड्याळानेही तेच सांगितलं. उद्या सकाळी आठला खिडकी उघडणार होती.

ती चपला अडकवून काकांकडे धावली. काकांनी फोन आपल्या यंत्राला जोडला, चष्मा कपाळावर चढवला आणि जीभ चुकचुकवली.

"फसलात, पोरी. हा फोन दोन मापांत येतो. मोठ्या मापात नवं, चपळ स्टोरेज घालतात. लहान मापात जुनंच, मंद. नाव एक, खोकं एक, रंग एक. खोक्यावर कोणी लिहीत नाही."

"म्हणजे आम्ही पारखला एक..."

"आणि घेतला त्याचा आळशी जुळा भाऊ."

तिला स्वतःचाच राग आला. कापड घेताना ती ताग्याचं वरचं टोक बघून कधी विश्वास ठेवत नाही, आतला पदर ओढून बघते. आणि इथे, जिथे नवऱ्याची खिडकी पणाला लागलेली, तिथे वरच्या टोकावर भुलली!

संध्याकाळी दोघं दुकानात पोचली तेव्हा रविवारची गर्दी होती. विक्रेत्याने खोकं बघितलं आणि ती बोलायच्या आधीच मान हलवली. "सील तुटलं की परत नाही, ताई. नियम आहे."

"पण तुम्ही म्हणालात फोन तोच आहे."

"मग तोच आहे की!"

"तोच नाही. याचं स्टोरेज मंद आहे. चार टाके लागतात."

"काय लागतात?"

चार टाके म्हणजे किती, हे त्याला कसं सांगावं? जेमतेम दोन सेकंद. दोन सेकंदांसाठी भांडणारी बाई सगळ्या दुकानाला वेडी वाटणार. मनात तिने हात जोडले, देवा, दोन शब्द सुचव. देवाने तिला काहीच सुचवलं नाही. तेवढ्यात नवऱ्याने तिला हळूच बाजूला केलं.

भोंगा काउंटरसमोर उभा राहिला. विक्रेत्याच्या डोळ्यांत डोळे घालून त्याने नव्या फोनवर बोट ठेवलं. विक्रेता थांबला. एक टाका थांबला, दोन टाके थांबला, मग "हं, बोला ना काका" म्हणाला, आणि उत्तर नाही म्हणून शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळून कव्हर दाखवू लागला. तेव्हा त्याच्या पाठीवर आवाज आदळला, "साहेब, माझं ऐकून घ्या."

विक्रेता वळला. "हां, सांगा."

भोंग्याने पुढचं वाक्य काढलं. विक्रेत्याने भुवया उंचावल्या, घड्याळ बघितलं, कोणाला तरी "चार्जर डावीकडे" म्हणून ओरडला. "अहो, इकडे मी बोलतोय," आवाज पुन्हा त्याच्या कानामागे.

तिसऱ्या वेळी विक्रेता दुसरीकडे वळलाच नाही. जागच्या जागी थांबला. त्याचा कान लालबुंद झाला होता. कव्हर घेणाऱ्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "अरे, तो मघापासून तुझ्याशीच बोलतोय रे! तू थांबतच नाहीस."

भोंग्याने मग दोरीला बांधलेल्या डेमोकडे बोट दाखवलं. त्यात कालची वाक्यं अजून होती. त्याने बोट ठेवलं.

"माझी खिडकी जाईल."

लगेच आला आवाज. ते वाक्य त्याने कधी भरलं, कशासाठी भरलं, बायकोला ठाऊक नव्हतं. प्रवाशांना सांगायचं ते वाक्यच नव्हे. कापडाच्या ताग्यांमध्ये, ती चहा टाकायला उठली असेल तेव्हा, एकट्याने भरलं असावं.

विक्रेत्याने हातातलं कव्हर खाली ठेवलं. "मोठ्या मापाचे सगळे संपलेत," तो अखेर म्हणाला. "उरलाय तो हाच. डेमोचा. कडेला ओरखडा आहे, दिवसभर शंभर लोकांनी हाताळलेला. बॅटरीचीही खात्री देणार नाही."

"चालेल," बायको म्हणाली.

"मालकाला काय सांगू ते मी बघतो." त्याने कात्री घेतली आणि दोरी कापली.

सोमवारी आठ वाजता ती फलाटासमोरच्या बाकावर बसली. येऊ नको, असं नवऱ्याने हाताने सांगितलं होतं, म्हणून ती खांबाआड बसली. खिडकीमागे वरिष्ठ बाई वही घेऊन उभ्या होत्या. फोन चार्जरला लावलेला, कारण बॅटरीचा भरवसा नाही. चार्जरची वायर सैल होती आणि दर थोड्या वेळाने भोंगा ती दाबून बसवत होता.

पहिला प्रवासी आला, काही विचारलं, वळला आणि गेला. दुसरी बाई आली, गेली. तिला वाक्यं नीट ऐकू येत नव्हती, नुसती माणसं येताना आणि जाताना दिसत होती. पण माणसं खोळंबत नव्हती. कोणी काच ठोठावत नव्हतं.

मग एक जाडजूड गृहस्थ आला आणि चढ्या आवाजात तणतणला, "कालही तुम्ही हेच सांगितलंत आणि गाडी आलीच नाही! तुम्हाला इथे कशाला बसवलंय?"

काल! काल तर इथे दुसराच कोणी बसला होता. ती बाकावरून अर्धी उठली. आता नवरा थांबणार, चाचपडणार, बोट चुकणार.

"काल मी नव्हतो, आज आहे. फलाट पाच, आणि जरा पळा!"

फोनचा आवाज त्याने पुरता चढवला होता. तो थेट पाचव्या फलाटापर्यंत गेला. रांगेतली दोघं हसली. गृहस्थ आणखी काही तरी पुटपुटला, भोंग्यानेही लगेच काही तरी परत ऐकवलं, आणि दोघं चांगलीच हमरीतुमरीवर आली. एकोणीस वर्षं भांडायचा तसाच तो भांडत होता, मान पुढे काढून, फक्त ओठांऐवजी बोटाने. वरिष्ठ बाईंनी वही मिटली. "अहो, पुरे आता, रांग खोळंबतेय!" त्या ओरडल्या, रोज खिडकीवर बसणाऱ्या आपल्या कारकुनावर ओरडावं तशा.

बायकोने डोळे पुसले आणि उठली. घरी दोन गिऱ्हाइकांचं शिवण पडलं होतं. जाताना तिने खिडकीकडे बघून हात हलवला, पण त्याचं लक्ष कुठे होतं? तो पुढच्याशी बोलत होता.