पाप वाहून नेणारा बोकड

"दोन्ही हात ठेवा, डोमाभाऊ. एका हातानं नाई होत," पास्टर दिनेश म्हणाले, तेव्हा डोमानं दुसराही हात बोकडाच्या डोक्यावर ठेवला. बोकडानं मान झटकली. साड्यांच्या मंडपात बसलेली पोरं फिदीफिदी हसली आणि डोमाच्या बायकोनं, प्रेमिलानं, त्यांच्याकडे डोळे वटारले.

दिनेश पास्टर माजरीच्या कोळसा खाणीत पंप चालवायचे आणि दर रविवारी मोटरसायकलवरून धूळ खात या गावी येऊन नऊ घरांची प्रार्थना घ्यायचे. यहूद्यांच्या मंदिराचं त्यांना भारी वेड. ते मंदिर पडून दोन हजार वर्षं होत आली, पण पास्टर त्याबद्दल असं बोलत, जणू सकाळीच तिथली राख भरून आले असावेत. आज तर त्यांनी म्हाताऱ्या मुखरूच्या खळ्यात अख्खं मंदिरच उभं केलं होतं. विटांची वेदी, हातपाय धुवायला घंगाळ, आणि मागे प्रेमिलाच्या लग्नातल्या शालूचा पडदा. पडद्याआड परमपवित्र जागा. तिथं वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकट्या महायाजकानं जायचं. त्या दिवशी दोन बोकड आणायचे. एकाचं रक्त आत न्यायचं आणि दुसऱ्याच्या डोक्यावर साऱ्या लोकांची पापं ठेवून त्याला रानात सोडून द्यायचं.

"म्हंजे आपली नारबोदच म्हणा न," मुखरू म्हणाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'रोगराई घेऊन जा गे नारबोद' म्हणत गावानं चिंध्यांची बाहुली शिवाराबाहेर नेऊन जाळली, त्याला महिना होत आला होता.

"बरोबर बोलले. पण नारबोद दरसाल बनवा लागते का नाई? थे बोकडबी दरसाल लागत होते. म्हून तं येशू आला. एकदाच, साऱ्याइच्यासाठी. रक्त त्यानं देलं, आता कापाचं काम संपलं. हा बोकड निस्ता समजाले आणला हाये."

मग एकेकानं पुढे येऊन हात ठेवले. गुणाबाईनं शेजारणीची कोंबडी लपवल्याचं इतक्या मोठ्यानं कबूल केलं, की शेजारीण उठून उभीच राहिली. डोमा नुसते ओठ हलवत होता. त्याचं पाप त्या बोकडाशिवाय कुणालाच ऐकवण्यासारखं नव्हतं.

मागच्या चैत्रात तो आणि त्याचा धाकटा भाऊ पत्रू पहाटे मोहफुलं वेचायला गेले होते. पत्रू वाकलेला असताना वाघानं त्याला मागून धरलं. डोमा वीस पावलांवर होता आणि त्याच्या हातात कुऱ्हाड होती. तो ऐनाच्या झाडावर चढला. "दादा!" पत्रू ओरडला. मग पुन्हा ओरडला. तिसरी हाक फार लांबून आली. डोमा डोळे मिटून फांदीला चिकटून राहिला.

गावात त्यानं सांगितलं, की मी पलीकडे नाल्याजवळ होतो, काहीच ऐकू आलं नाही, एका झटक्यात गेला असेल. तळ्यावर मासे धरणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. त्याच्यावर कोण अविश्वास दाखवणार? सगळ्यांनी मान डोलावली. तेव्हापासून डोमाला धड झोप नव्हती, आणि त्या झोपेसाठीच तो प्रार्थनेला जाऊ लागला होता.

पास्टरांनी बोकडाच्या शिंगाला लाल दोरा बांधला. "मंदिरात एक मानूस ठरवून देत होते बोकड न्यासाठी. थो वापस वस्तीत येऊ नये म्हून पुढं पुढं तं त्याले कड्यावरून ढकलत होते म्हणते."

"इथी कडा कुठून आणाचा?" प्रेमिला म्हणाली.

"नाल्यापार सोडा. डोमाभाऊ, तुमीच न्या."

डोमानं नेला. नाल्यापलीकडे दोर सोडला, तेव्हा बोकड काही क्षण त्याच्याकडे पाहत उभा राहिला आणि मग झुडपांत शिरला. डोमा मागे न पाहता परतला. खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटलं, अगदी अंगातला ताप उतरावा तसं. घरी येऊन तो आडवा झाला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपला.

"मोठेबाबा, उठा न!"

दिवस कलला होता. पत्रूची नऊ वर्षांची पोरगी, पायल, दारात उभी होती.

"तुमचा बोकड आमच्या घरी येऊन बसला. शिंगाले लाल दोरा हाये."

बोकड पत्रूच्याच आवारात जन्मलेला. पत्रूच्या बायकोला, रंजीताला, एकटीनं चारणं जमेना म्हणून तिनं तो पावसाळ्याआधी डोमाकडे दिला होता. ओट्यावर विडी ओढत बसलेला मुखरू हे ऐकून खो खो हसला. "बोकड कधी घर इसरते का रे? कोनाले तरी इचाराचं होतं!"

डोमा धावतच खळ्यावर गेला. पास्टर मोटरसायकलला किक मारत होते. डोमानं त्यांना बाजूला घेतलं आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. कुऱ्हाड, झाड, तिन्ही हाका. पास्टरांनी गाडी बंद केली.

"देव माफ करते, डोमाभाऊ. बोकड आला काय न नाई आला काय, त्याच्यावर काई नाई. पण मंदिरातबी असाच कायदा होता. ज्याचं वाईट केलं, त्याचं आधी भरून द्याचं, मंगच अर्पण. येशूबी तेच सांगून गेला, का आधी भावाशी समेट कर."

"भाऊ तं मेला न माहा! कोनासंग करू समेट?"

पास्टर खाली पाहत होते. "त्याच्या घरच्याइले सांगा. आनखी मी काय सांगू?"

डोमा निघाला. काय बोलायचं ते वाटेभर जुळवत होता. रंजीता शिव्या देईल, थुंकेल, पुन्हा तोंड पाहणार नाही. ते सगळं त्याला कबूल होतं. निदान एकदाचं होऊन तरी जाईल.

रंजीता चुलीपुढून उठली आणि डोक्यावर पदर घेऊन दाराच्या आतच थांबली. भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, ती कधी बाहेर येत नसे, आणि डोमाही अंगणातच उभा राही. बोकड कुडाच्या सावलीत रवंथ करत बसला होता. पायल भिंतीला टेकून बसली होती. तिच्यापुढे भाताचं ताट तसंच होतं.

"रंजीता, तुले एक सांगाचं होतं. पत्रूचं."

"बरं झालं आले, भाऊ. मीच बोलवनार होती तुमाले." तिनं पोरीकडे हात केला. "हे पोरगी कालपासून जेवली नाई. शाळेत कोन्या पोरीनं सांगतलं म्हणे, वाघानं धरलं का मानूस लय वेळ ओरडत रायते. मी म्हणलं, असं नाई झालं बापा, मोठेबाबा होते तिथी, त्याइलेच इचार. माहाबी जीव तेवढ्यावरच तं टिकून हाये, भाऊ."

पायलनं मान वर केली. "मोठेबाबा, बाबा ओरडले नाई न?"

डोमाच्या ओठांवर सगळं तयार होतं. एकदा बोलला असता, की तो मोकळा झाला असता. पण त्या तिन्ही हाका मग या दोघींना रोज ऐकाव्या लागल्या असत्या. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

"नाई, बेटा."

"एकदाबी नाई?"

"एकदाबी नाई. ओरडले असते तं मले ऐकू आलं असतं न."

"पाह्य, मी सांगतलं होतं न तुले," रंजीता म्हणाली आणि तिनं पदरानं डोळे पुसले. पायलनं ताट पुढे ओढलं. पहिला घास तिनं सावकाश घेतला, मग भराभर जेवू लागली.

"तुमाले काय सांगाचं होतं, भाऊ?"

"इसरलो," डोमा म्हणाला.

तो अंगणातच उभा राहिला. पायलनं ताट चाटूनपुसून साफ केलं आणि आईपुढे धरलं.

"आई, आनखी भात वाढ."