चेंडूने न मोडलेली कामटी

मी टोपली बोलतेय. नाक मुरडू नका, भाजीची नव्हे. जाय अलाय नावाचा भिंतीवरचा चेंडूखेळ खेळणाऱ्याच्या मनगटाला बांधतात ती, लांब नि वाकडी. चेंडू झेलायचा आणि त्याच झोक्यात भिंतीवर फेकायचा, एवढंच माझं काम.

मार्किना गावात इशाकामामाने मला विणलं. कामट्या चेस्टनटच्या लाकडाच्या, वीण वेताची. भाच्याच्या, म्हणजे बालेंदिनच्या, हाताचं माप मामाला तोंडपाठ होतं.

आमच्याकडे माणसाला त्याच्या घराच्या नावाने हाक मारतात. बालेंदिनने अवघड चेंडू उचलला की म्हातारी मंडळी ओरडायची, "शाब्बास रे उर्कियागा!" म्हणजे त्याला, त्याच्या आजोबांना, गोठ्यातल्या गाईंनासुद्धा शाबासकी. पैजा लागायच्या, खोटं कशाला बोलू? पण नाव होतं.

मग आम्ही फ्लोरिडाला गेलो. तिथे बालेंदिनच्या पाठीवर आकडा आला. लोक खेळावर जीव टाकत नव्हते, आकड्यावर पैसे लावायचे. "ए पाच नंबर, झोपलास काय?" चार वर्षांत उर्कियागा ही हाक एकदाही कानी आली नाही. मला मार्किनाची फार आठवण यायची.

एका दुपारी कपडे बदलायच्या खोलीत पैजा लावणारा एक गोडबोल्या आला. "एकच चेंडू सोड. कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना," बालेंदिन म्हणाला.

"तुला कोण ओळखतं इथे, पाच नंबर?"

बालेंदिनने मला मनगटाला बांधलं आणि तो खेळायला उतरला.

चेंडू अगदी सोपा आला. मी आ वासून तयार होते, पण ऐन वेळी मनगट वळलं. लोकांनी शिव्यांचा पाऊस पाडला. आत येऊन बालेंदिनने माझ्या पाठीवर गुडघा रोवला, कट्‌कन एक कामटी मोडली आणि सगळ्यांना सांगितलं, "टोपलीने दगा दिला." मला तेव्हा त्याचा राग आला. अजूनही येतो.

गावी परतल्यावर दुरुस्तीसाठी त्याने मला मामापुढे ठेवलं. मामाने बोट फिरवलं.

"चेंडूने मोडली तर कामटी बाहेर फुटते. ही आत फुटलीय. कुणी मोडली?"

बालेंदिन माझी मनगटाला बांधायची दोरी गुंडाळायला लागला.

"सांगशील त्या दिवशी नवी बसवीन," म्हणत मामाने मला खुंटीला अडकवलं.

त्याला सहा वर्षं झाली. दर रविवारी चर्चमधून बालेंदिन इथे येतो, माझ्यात हात घालतो, पण दोरी बांधत नाही. मामा सकाळीच एक कामटी पाण्यात भिजत घालून त्याची वाट बघतो आणि तो गेला की ती पुन्हा वाळत टाकतो. हल्ली मामाचे हात थरथरतात.

आज रविवार आहे. कामटी भिजलीय, तू दारात उभा आहेस. मामाचे हात चालताहेत तोवर बोल की रे, उर्कियागा.