डुकराच्या पुस्तकातली आत्या

तेलेसिया आत्याने बोट दाखवलं आणि फुसीचं डुक्कर गेलं.

डुक्कर तिथंच होतं म्हणा, चिंचोक्यांसारखे इवलेसे डोळे करून खोबरं चघळत. पण आत्या म्हणाली, "सेमिसी, चर्चमधल्या मुलांच्या सणाला, रविवारच्या जेवणाला हे ठिपक्यांचं नेईन," आणि फुसीचा बाप म्हणाला, "हो ताई." संपलं! वावाऊ बेटावर बापाच्या थोरल्या बहिणीला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. फुसीने त्या डुकराला, तिच्या लुलूला, बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. ती रात्रभर मुसमुसली, आणि सकाळी शाळेत गेली ती नाक फेंदारूनच.

शाळेत टानिएला मास्तरांनी माहितीची पुस्तकं करायला सांगितली होती. पालक बघायला येणार होते. "गोष्ट नको. माहिती. मथळे द्या, चित्राला बाण काढून नावं द्या, धोक्याची चौकट करा, शेवटी शब्दांचे अर्थ. आणि मत घुसडायचं नाही!" फुसीने लिहिलं, 'लुलू फार गोड आहे.' मास्तरांनी फराटा मारला. "हे मत. डुक्कर काय खातं, कुठं राहतं, त्याला कोण खातं, ते लिही."

त्याला कोण खातं! फुसीचे डोळे चमकले.

पुस्तक तयार झालं. 'निवारा', 'आहार', आणि मग ठळक अक्षरांत 'शत्रू' : कुत्रा, मोटार, आत्या. पुढं पानभर आत्याचं चित्र. एक बाण बोटाकडे : 'याने दाखवलेली वस्तू तिची होते.' एक पोटाकडे : 'इथे मागची तीन डुकरं आहेत.' लाल चौकटीत : 'धोका! रविवारच्या आधी जास्त फिरते.' शब्दार्थांत : 'आत्या – जिला बाबा फक्त हो म्हणतात.'

मास्तरांनी फराटा मारायला लाल पेन काढलं, दोनदा वाचलं, आणि टोपण लावून टाकलं. "खोटं काही सापडत नाही गं," ते कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "पण कोपऱ्यातल्या टेबलावर ठेव हं. पार मागे."

कोपरा कसला नि काय! पालक आले तेव्हा अख्खं गाव त्याच कोपऱ्यात जमलं, खिदळायला लागलं. तेवढ्यात कमरेला समारंभाची मानाची चटई गुंडाळून तेलेसिया आत्या दारात. हसू जागच्या जागी विझलं. बहिणीदेखत तिची थट्टा निघाली की भावाने उठून जायचं, ही तिथली रीत. सेमिसी खिडकीबाहेर नीरफणसाखाली जाऊन उभा राहिला. आईने फुसीच्या दंडाला असा चिमटा काढला की बस्स.

आत्याने चष्मा लावला. पहिल्या पानापासून सगळं वाचलं, बाणांसकट.

"फुसे, इकडे ये. नाक एवढं आहे का गं माझं?"

"न... नाही आत्या."

"मग ही माहिती नव्हे. हे मत झालं. खोड."

फुसीने नाक खोडलं. लोकांनी तोंडं दाबली.

"बाकीचं?"

"बाकीचं खरं आहे," फुसी म्हणाली. आणि मग तिला राहवेना. "आत्या, ते माझं आहे! मी वाढवलंय. तुला कुणी नाही म्हणत नाही म्हणून मी पुस्तक लिहिलं!"

आईने डोळे मिटले.

आत्याने चष्मा काढला. "चौथीत असताना माझंही एक नेलं होतं माझ्या आत्याने," ती हळूच म्हणाली. "मला एवढं धाडस नाही झालं. पेन्सिल दे."

चौकटीखाली तिने ठसठशीत लिहिलं : 'हे डुक्कर आत्याचं आहे. आत्याच्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. सांभाळायचं फुसीने.'

"ही पण माहितीच," ती म्हणाली. "आता बघू कोण कापतो!"

फुसी तिला बिलगलीच. रडतेय की हसतेय, तिचं तिलाच कळेना.

"आणि रविवारचं जेवण?" पाद्रीबुवांनी भीतभीत विचारलं.

आत्याने खिडकीतून बाहेर मान काढली. "सेमिसी! तुझा तो काळा मोठा डुक्कर, त्याला..."

"हो ताई," झाडाखालून आवाज आला.