बुधवारचे दोन गोल

हॉकी संघाच्या ऑफिसात तिला सगळे आकडेवाली म्हणत. कोणी किती गोल केले, कुठून केले, केव्हा चुकवले, सगळं तिच्या तक्त्यात असे, आणि तक्त्यापुढे कोचबाईही नमतं घेत. त्या बुधवारी मात्र प्रश्न तिच्या घरचाच निघाला. दुसऱ्या शहरातल्या संघाची एक स्ट्रायकर घ्यायची का, आणि तिच्या बदल्यात आपली भरवशाची गोलकीपर द्यायची का? ती स्ट्रायकर म्हणजे आकडेवालीची सख्खी धाकटी बहीण. अदलाबदलीची मुदत दुपारी बाराला संपत होती.

कोचबाई त्या पोरीच्या खेळावर लट्टू होत्या. सचिवांचं म्हणणं, पोरगी लहरी आहे, हिच्या भरवशावर संघ चालायचा नाही. बराच वेळ घासाघीस झाल्यावर दोघांनीही आकडेवालीकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर बहिणीला आणावं, असं तिच्या फार मनात होतं. पण वशिल्याचा ठपका बसेल या धास्तीने बाईसाहेब जरा जास्तच ताठ झाल्या. तिने तक्ता पडद्यावर लावला. नऊ रविवारी सतरा गोल. नऊ बुधवारी दोन, तेही एकाच सामन्यात. त्या सामन्यापुढे तिने ‘अपवाद’ असं लिहून ठेवलं होतं. हिला बुधवार वर्ज्य दिसतो, असं सचिव म्हणाले, तेव्हा सगळे हसले. तीही हसली. मग तिने स्वच्छ नकार दिला. सख्ख्या बहिणीचीही भीड धरली नाही म्हणून सचिवांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं, आणि तिला ते आवडलं.

साडेबाराला तिने धाकटीला फोन लावला. एरवी ती रविवारी संध्याकाळी फोन करायची. बाबा कसे आहेत विचारायची, ठीक आहेत असं ऐकायची आणि मोकळी व्हायची.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. ती धापा टाकत होती.

“बरोबर केलंस, ताई. मीही मला घेतलं नसतं.”

“एवढा दम का लागलाय तुला?”

“आत्ताच बाबांना वर आणलं. डायलिसिसनंतर त्यांना उभंही राहवत नाही. तीन मजले पाठुंगळीच आणावं लागतं.”

“आज? बुधवारी?”

“दर बुधवारी. सोमवारी आणि शुक्रवारी शेजारचे काका आणतात. तुला माहीत आहे ना? तिकडे आलो की ताईही हात लावेल, असं मी बाबांना सांगून ठेवलं होतं. तुला नसेल जमत म्हणून नाही म्हणालीस. कळतं मला. राग नाही गं.”

बाबांनी हाक मारली म्हणून धाकटीने फोन ठेवला. संध्याकाळी तिचा सामना होता.

आकडेवालीने वर पाहिलं. तक्ता अजून पडद्यावरच होता. ‘अपवाद’च्या शेजारी तारीख होती. त्या आठवड्यात ती रजा काढून घरी गेली होती. आज बाबांना तू आणशील का, असं धाकटीने विचारलं होतं. तिने आणलं होतं, दर मजल्यावर थांबत, आणि मग आठवडाभर पाठ धरली म्हणून कुरकुरली होती. तिला रडू आवरेना.

तो वार कोणता होता, हे तिने तेव्हा पाहिलंच नव्हतं.